कालव्याच्या पुलाचा प्रलंबित प्रश्न

खुलासाबाई, जन्म १९५१, मृत्यू २०१७. प्रांतिक सरकारच्या वित्त विभागात कनिष्ठ लिपिक म्हणून रुजू झाल्या आणि तळमजल्यावरच्या खुलासा खिडकीच्या प्रमुख म्हणून निवृत्त झाल्या. माहेरचे आणि सासरचे अशी दोन्ही नावे त्यांच्या सेवापुस्तकात व्यवस्थित होती. परंतु खिडकीवर बसू लागल्यापासून त्या नावांनी हाक मारणारे फारसे कोणी उरले नाही. पोस्टमनसुद्धा जिन्याखालून ‘खुलासाबाई’ असाच पुकारा करी. पती कवळ्या तयार करीत. दोन खोल्यांचे घर त्यांच्या कारखान्याच्या वर होते. त्यामुळे जिन्यात कायम प्लास्टरची भुकटी असे, आणि बाई सकाळी बसमध्ये चढल्या की पायरीवर दोन पांढरे ठसे उमटत. एक मुलगी होती, ती लग्न होऊन परगावी गेली.

ज्या कायद्यामुळे ही खिडकी उघडली, त्याविषयी आधी थोडे सांगितले पाहिजे. कारण पुढचे सर्व त्याच्यावरच उभे आहे. सरकारने जनतेचा पैसा कशावर खर्च केला हे जनतेला कळावे, म्हणून १९९० साली प्रांतिक विधिमंडळाने वित्तीय पारदर्शकतेचा कायदा केला. त्यानुसार अंदाजपत्रकातील कोणत्याही ओळीबद्दल कोणाही नागरिकाला खिडकीवर येऊन तोंडी प्रश्न विचारता येई. संबंधित विभागाचे उत्तर खिडकीवरच्या लिपिकाने मागवायचे, त्याला वाचून दाखवायचे आणि शेवटी विचारायचे, “आपले समाधान झाले का?” तो ‘झाले’ म्हणेपर्यंत प्रश्न प्रलंबित. आणि ज्या रकमेबद्दल प्रश्न प्रलंबित आहे, ती रक्कम दुसऱ्या कामाकडे वळवण्यास मनाई. रक्कम वळवायचीच झाली, तर तसा आदेश पूर्ण आठवडाभर खिडकीशेजारच्या फलकावर लावल्याखेरीज तो अमलात येत नसे.

कायदा करणाऱ्यांचा हेतू चांगला होता आणि मसुदाही नीटनेटका होता. पैसे राखून ठेवावेत, दाखवावेत, विचारले तर सांगावेत, एवढे सर्व त्यात होते. काम करावे असे मात्र कोणत्याच कलमात नव्हते.

कचेरी कालव्याच्या काठावर होती. खिडकी म्हणजे दालनाच्या टोकाला लाकडी चौकटीत बसवलेली एक काच; तिला खाली अर्धगोल भोक, बोलणाऱ्याला त्यासाठी वाकावे लागे. आत एक टेबल, एक पाठ मोडकी खुर्ची, आणि भिंतीवर कायद्यातील उतारा चौकटीत लावलेला. विभाग वरच्या मजल्यांवर. उद्वाहक होता, पण त्याची किल्ली अधिकाऱ्यांकडे असे. तेव्हा प्रश्न आला की बाई जिना चढत, उत्तर घेऊन उतरत, काचेमागे बसून ते वाचत. उत्तरे बहुतेक ठरलेली असत: प्रस्तावित आहे, विचाराधीन आहे, कार्यवाही सुरू आहे. पहिल्या काही वर्षांत बाई या उत्तरांवर विभागांशी वाद घालीत. पुढे गुडघ्यांनी कुरकुर सुरू केली आणि वाद जिन्यातच विरू लागले. संध्याकाळी घरी आल्यावर त्या पाय पाण्यात सोडून बसत. पती खालून हात पुसत वर येत आणि म्हणत, “तुमच्या सरकारला माझ्याकडे पाठव एकदा. बोलायला तोंड आहे, चावायला दात नाहीत.” बाई हसत, पण उत्तर देण्याइतके त्राण त्यांच्यात नसे.

खिडकीवर नियमित येणारे थोडेच. त्यांत सर्वांत जुने टेलरकाका. पलीकडच्या काठावरच्या वस्तीत त्यांचे शिवणाचे दुकान होते. बुधवारी दुकान बंद असे, म्हणून ते बुधवारी येत. गळ्यात मोजपट्टी तशीच लोंबकळत असे. ती काढायची असते हे त्यांच्या लक्षातच येत नसे. प्रश्न एकच: कालव्यावरच्या पादचारी पुलाची रक्कम दरवर्षी अंदाजपत्रकात दिसते, पूल कुठे दिसत नाही, तो का? बाई बांधकाम विभागात जाऊन येत आणि वाचून दाखवत, “काम प्रस्तावित आहे.” मग विचारत, समाधान झाले का. काका म्हणत, “नाही, ताई.” एवढे झाले की ते आतल्या माठातले पाणी मागून घेत, ग्लास रिकामा होईपर्यंत दालनातून ये-जा करणाऱ्यांचे कपडे न्याहाळीत आणि जाताना एखादी बातमी देऊन जात. “वित्तसाहेबांची पँट कंबरेत बोटभर सैल झालीये. घरी भांडण दिसतंय.” आश्चर्य म्हणजे ही बातमी बहुधा खरी निघे.

पूल का हवा होता, तेही स्पष्ट केले पाहिजे. वस्ती एका काठावर. दवाखाना, शाळा आणि कचेरी दुसऱ्या. समोरासमोर, हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या जवळ. पण मोटारींचा पूल बराच खाली, गावाच्या टोकाला. तिथून वळसा घालायचा तर बस मिळाली तरी तास मोडे आणि न मिळाली तर विचारूच नये. म्हणून वस्तीतले लोक पाण्याच्या मोठ्या नळावरून कालवा ओलांडत. काळा, गोल, लोखंडी नळ. माणूस दोन्ही हात पसरून त्यावरून चालत जाई. पाणीपुरवठा विभागाने त्यावर पांढऱ्या रंगाने ‘यावरून चालू नये’ असे लिहून ठेवले होते. त्या जागी सरकारने प्रत्यक्ष केलेले असे तेवढे एकच काम.

२००४ च्या आरंभी बाई रजेवर होत्या. मुलीचे पहिले बाळंतपण होते आणि ते सोपे गेले नाही. रात्रीची जागरणे आणि दवाखान्याच्या बाकावरचे दिवस संपवून त्या परत आल्या, तेव्हा टेबलावर कागदांचा ढीग होता आणि ढिगावर एक परिपत्रक होते: मार्चअखेरीपूर्वी प्रत्येक कचेरीच्या खिडकीने आपली प्रलंबित प्रश्नांची यादी कोरी करावी. यासाठी सर्व खिडक्यांवर एक रीत चालत असे. कायद्यात ती नव्हती, पण परिपत्रकांनी तिला मान्यता दिलेली होती. प्रश्नकर्ता तीन महिने फिरकला नाही, तर त्याचे समाधान झाले असे समजायचे, प्रश्न बंद करायचा आणि त्याला तसे छापील पत्र पाठवायचे. खुलासाबाईंनीही ही रीत पूर्वी अनेकदा वापरली होती. टेलरकाकांच्या बाबतीत मात्र तशी वेळच आली नव्हती. त्यांचा बुधवार चुकत नसे.

त्या वर्षी चुकला होता. रजेच्या काळात बदलीवर बसलेल्या लिपिकाने डिसेंबरपासून दर बुधवारी ‘आले नाहीत’ असे लिहून ठेवले होते, आणि रजेनंतरच्या बुधवारीही ते आले नाहीत. बाईंनी एका दुपारी सगळी पत्रे एकामागून एक सही करून बाजूला ठेवली. त्यांत काकांचेही होते. सही करताना त्या क्षणभर थांबल्या होत्या, असे त्यांनी पुढे सांगितले. पण हात दुखत होता आणि ढीग संपायचा होता. यादी कोरी झाली. वित्तसाहेबांनी आपल्या खोलीतला चहा खाली पाठवला आणि खिडकीच्या नावे प्रशंसापत्र काढले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत बांधकाम विभागाचा एक आदेश फलकावर लावण्यासाठी खाली आला. कागद तिरपा लागलेला बाईंना खपत नसे, म्हणून त्यांनी नेहमीप्रमाणे चारही कोपऱ्यांना टाचण्या टोचून तो सरळ लावला. मग चष्मा लावून वाचला. कालव्यावरील पादचारी पूल या कामाची संपूर्ण साठलेली रक्कम शासकीय विश्रामगृहाच्या दर्शनी भागाच्या सुशोभनाकडे वळवण्यात येत होती. आदेश आठवड्याने अमलात येणार होता.

बाई जिना चढून बांधकाम विभागात गेल्या. तिथले मुख्य लिपिक त्यांच्याबरोबरच नोकरीला लागलेले. त्यांनी काहीही लपवले नाही. दरवर्षी अखेरीला आम्ही तुमची यादी मागवतो, ते म्हणाले. म्हातारा यादीत असला की पुलाच्या पैशाला हात लावता येत नाही, इतके सरळ आहे. “यंदा यादी कोरी आली, बाई. आम्हाला वाटलं, गेला बिचारा.” मग थोडे अवघडून त्यांनी पुस्ती जोडली, “आणि लबाडी काही नाही हं यात. फलकावर लावलंय सगळं.”

तेही खरेच होते. इतकी वर्षे पुलाचे पैसे ना कायद्याने सांभाळले होते, ना विभागाने. एक माणूस दर बुधवारी येऊन ‘नाही’ म्हणत होता, एवढ्यावर ते उभे होते. आणि तो ‘नाही’ बाईंनी स्वतःच्या सहीने खोडला होता.

मग बाई विभागप्रमुखांकडे, म्हणजे वित्तसाहेबांकडे गेल्या. साहेब वयाने बाईंपेक्षा लहान, नियमाला घट्ट आणि मनाने वाईट नसलेले. त्यांनी कायद्याची प्रत काढून बाईंसमोर ठेवली. एकदा समाधान झाल्याची नोंद झालेल्या ओळीबद्दल तीन वर्षे दुसऱ्या कोणालाही प्रश्न विचारता येणार नव्हता; तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येऊ नयेत म्हणून ही तरतूद होती. अपवाद एकच: मूळ प्रश्नकर्त्याने आदेश फलकावर असेपर्यंत स्वतः खिडकीवर येऊन आपले समाधान झाले नसल्याचे सांगितले, तर प्रश्न पुन्हा उघडला जाई. शिवाय, ज्या लिपिकाने तो बंद केला, त्याला आपली चूक लेखी मान्य करावी लागे. ती सेवापुस्तकात जाई आणि वेतनवाढ थांबे. साहेबांनी हे धमकीच्या सुरात सांगितले नाही. हवामानाचा अंदाज वाचावा तसे वाचले आणि पुस्तक मिटून विचारले, “पण बाई, हा माणूस आहे कुठे?”

बाईंना ते ठाऊक नव्हते. पत्रावर पत्ता होता, तो घेऊन त्या संध्याकाळी वळशाच्या बसने पलीकडे गेल्या. बस वस्तीच्या तोंडापर्यंतच जाई. तिथून अरुंद बोळ, दोन्हीकडे कपडे वाळत घातलेले, आणि बोळाच्या शेवटी कालवा. पलीकडे आपल्या कचेरीच्या खिडक्यांतले दिवे त्यांना दिसले. इतक्या वर्षांत त्यांनी आपली कचेरी या बाजूने कधी पाहिली नव्हती.

दार सुनेने उघडले. तिशीची, दोन्ही हात साबणाने भरलेले. नवरा बोटीवर नोकरीला, घरात ती, तिची शाळकरी मुलगी आणि सासरे. बाईंनी आपण कोण ते सांगितले. आतून ओळखीचा आवाज आला, “सूनबाई, आत घे त्यांना. सरकार घरी आलंय.”

काका भिंतीशी खाटेवर होते. उजवा पाय कमरेपासून प्लास्टरमध्ये. पायथ्याशी शिवणयंत्र, त्यावर चादर टाकलेली आणि चादरीवर कात्रीखाली दाबून ठेवलेले ते छापील पत्र. सुनेने स्टूल पुढे केले. बाई बसल्या, पण बोलायला सुरुवात काकांनीच केली.

“तुमचं पत्र मिळालं, ताई. बरं झालं कळवलंत. नाहीतर माझं समाधान झालंय हे मला कळलंच नसतं.”

बाईंनी सगळे सांगितले. काहीही गोड केले नाही. चूक माझी आहे, त्या म्हणाल्या. तुम्ही आला नाहीत म्हणून मी सही करून टाकली.

“आलो नाही कसा? निघालो होतो की. मधोमध पोचलो होतो नळावर.” काकांनी हाताचा पंजा आडवा धरून हळूच कलता केला. “त्या बुधवारचा प्रश्न राहिलाय तुमच्याकडे.”

बाईंनी कायद्यातला अपवाद समजावून सांगितला. कसेही करून एकदा खिडकीवर यायला हवे, आदेश उतरण्याच्या आत, एवढेच.

“येतो की. पूल झाला की लगेच येतो. ती काय, दिसतेय तुमची कचेरी. चार पावलांवर आहे.”

पण थट्टा तिथेच संपली. काका छताकडे पाहू लागले आणि सावकाश, कोणावरही न रागावता बोलले. आशा वगैरे काही नव्हती, ते म्हणाले. बुधवार मोकळा असे, म्हणून जात होतो. वस्तीतली माणसे हसत, विचारीत, आज सरकारला काय शिवून दिलेत काका. आता पाय गेला, दुकान गेले. प्रश्नही गेला तर बरेच, डोक्यावरचे एक ओझे कमी. “तुम्ही लिहिलंय तेच खरं समजा. झालं माझं समाधान. दमलेल्या माणसाचं होतंच शेवटी.”

दमणे म्हणजे काय ते बाईंना चांगले ठाऊक होते, आणि दमलेल्या माणसाला उठवण्याचा आपल्याला अधिकार नाही असेही त्यांना वाटत होते. त्या उठून चपला घालू लागल्या.

सून मोरीपाशी भांडी विसळत होती. तिने मान वर केली नाही.

“बाबा, मी रोज नळावरूनच जाते.”

काकांनी मान वळवली. “कुठे?”

“दवाखान्यात. तुमची पट्टी आणायला, सुयांचं औषध आणायला. रस्त्याने गेलं तर पोरगी शाळेतून यायच्या आत परत येणं होत नाही.”

“तू तर म्हणालीस बसने जाते.”

“बसने जाते म्हटलं म्हणून तुम्हाला झोप तरी लागते.” तिने पातेले पालथे घातले. “आणि पोरगी शाळेत कशी जाते वाटतं तुम्हाला? तिचा हात धरून मीच नेते, सकाळची.”

बाई उंबऱ्यातच थांबल्या होत्या. काकांनी सुनेला विचारले, “आपली हातगाडी आहे का अजून मागे? का भंगारात घातलीस?”

“आहे. चाकाला तेल लागेल.”

“गादी जाड घाल मग. रस्ता लई खराब आहे त्या बाजूचा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंचे पती आपल्या कारखान्यातले तेलाचे भांडे घेऊन वस्तीत गेले. हातगाडी काकांच्या दुकानातली. पूर्वी शाळांचे गणवेश तिच्यावरून पोहोचते होत. चाकांना तेल दिले, गादी घातली, काकांना दोघातिघांनी उचलून वर निजवले. सून पुढून ओढत होती, कवळीवाले मागून ढकलत होते. गावाच्या टोकाला जाऊन, मोटारींच्या पुलावरून, पलीकडच्या काठाने पुन्हा वर असा तो प्रवास. बस आणि ट्रक मागे खोळंबत आणि भोंगे वाजवीत. पडल्या पडल्या काकांनी कवळीवाल्यांच्या कोटाची चिकित्सा केली: खांदा उतरलाय, कोणी शिवला हा? कवळीवाल्यांनी परतफेड म्हणून त्यांचे तोंड उघडून पाहिले.

“वरचे दोन गेलेत, काका. इथे ब्रिज बसवता येईल.”

“बसवा की. एक तरी बसू द्या.”

कचेरीच्या पायऱ्यांशी पहारेकऱ्याने त्यांना अडवले. हातगाडी दालनात नेण्याची परवानगी नाही, आणि नियम बरोबरच होता. रुग्णाला उचलून नेता आले असते, पण प्लास्टरला धक्का लागू नये असे दवाखान्याने बजावले होते. बोलाचाली वाढली. सुनेचा आवाज वर गेला, तेव्हा वित्तसाहेब स्वतः खाली आले. त्यांनी हातगाडीकडे पाहिले, काकांकडे पाहिले आणि पहारेकऱ्याला म्हणाले, की मागच्या उतारावरून रोज दप्तरांची गाडी आत येतेच, तर ही गाडीही तिकडून येऊ द्यावी. काकांनी साहेबांना खालून वर न्याहाळले आणि कवळीवाल्यांच्या कानात म्हणाले, की पट्टा नवीन घेतलेला दिसतो, घरचे बहुतेक मिटले.

अशा रीतीने हातगाडी अभिलेखागारातून, बांधलेल्या गठ्ठ्यांच्या दोन भिंतींमधून, दालनात आली आणि खिडकीसमोर उभी राहिली. काका निजलेले असल्यामुळे या वेळी वाकण्याचा प्रश्न आला नाही. आवाज थेट भोकातून आत गेला.

“आज बुधवार नाही, ताई. चालेल ना?”

खुलासाबाई काचेमागे जाऊन बसल्या होत्या. चष्मा लावलेला, पदर नीट घेतलेला. काहीही गाळायचे नाही असे त्यांनी ठरवले होते, म्हणून सर्व क्रमाने केले. प्रश्न वाचला. बांधकाम विभागाचे उत्तर वाचले. मग कागद खाली ठेवून विचारले, “आपले समाधान झाले का?”

दालनात इतर विभागांचे लोक जमले होते. बांधकामचे मुख्य लिपिक जिन्याच्या वळणावर उभे होते. काकांची नजर हातगाडीच्या दांड्यावर असलेल्या सुनेच्या हातांवर होती. ओढून ओढून ते लाल झाले होते.

“नाही, ताई.”

बाईंनी तसे नोंदवले आणि त्यांचा अंगठा घेतला. नंतर त्या साहेबांच्या खोलीत गेल्या आणि आपली चूक स्वतःच्या अक्षरात लिहून दिली. प्रश्न निष्काळजीपणे बंद केला, असे त्यांनी लिहिले होते. साहेबांनी वाचून सुचवले की ‘अनवधानाने’ असे लिहिल्यास थोडे सौम्य होईल, कदाचित नुसती समज देऊन भागेल.

“अनवधान नव्हतं, साहेब,” बाई म्हणाल्या. “मला यादी कोरी करायची होती.”

साहेबांनी कागद परत दिला नाही. त्यावर शिक्का मारला. बाई खाली आल्या, फलकावरचा आदेश उतरवला, चारही टाचण्या डबीत टाकल्या. काकांनी पाणी मागितले, ते त्यांना मिळाले. मग सर्व मंडळी आली त्याच वाटेने परत गेली. बाईंना त्या दिवशी रजा मिळाली नाही. खिडकी पाचपर्यंत उघडी होती आणि रांगेत आणखी माणसे होती.

पुढे काय ठरले आणि काय राहिले, ते थोडक्यात असे. पुलाची रक्कम जागेवर राहिली. विश्रामगृहाचा दर्शनी भाग दुसऱ्या कोणत्या तरी शीर्षाखाली त्याच वर्षी सुशोभित झाला. खिडकीचे प्रशंसापत्र काढून घेण्यात आले. टेलरकाका काठीच्या आधाराने चालू लागले. नळावर मात्र त्यांनी पुन्हा पाय ठेवला नाही. बसने वळसा घालून ते बुधवारी येत राहिले, महिन्यातून एखाद्या वेळी, आणि त्यांचे दोन दात कवळीवाल्यांनी बसवून दिले. २००८ साली ते गेले. मरण पावलेल्याचा प्रश्न घरच्या माणसाला चालवता येतो, अशी कायद्यात तरतूद आहे. सुनेने तो आपल्या नावावर करून घेतला.

खुलासाबाई २००९ साली निवृत्त झाल्या. पूल त्यानंतर तीन वर्षांनी झाला. दर वाढल्यामुळे साठलेल्या रकमेत जेवढा बसला तेवढाच बांधला: समोरून माणूस आला तर दोघांनी अंग चोरावे इतका अरुंद, आणि कठडा एकाच बाजूला. बाई तो पाहायला पतीबरोबर गेल्या होत्या. कठड्याला धरून पलीकडे गेल्या, थोड्या टेकल्या, तशाच परत आल्या. कसा वाटला, असे पतीने विचारले. “चालता येतं,” असे त्या म्हणाल्या.

दुसरा कठडा अजून झालेला नाही. खिडकी बंद होऊन आता प्रश्न संगणकावर विचारावे लागतात; सून ते आपल्या मुलीकडून विचारून घेते. मुलगी दवाखान्यात परिचारिका झाली आहे आणि कामावर त्या पुलावरूनच जाते.

बाईंची थांबलेली वेतनवाढ पुन्हा सुरू झाली नाही. फेरविचाराचा अर्ज करा, असे मागाहून दोन अधिकाऱ्यांनी सुचवले होते. त्यांनी केला नाही. त्यामुळे त्यांचे निवृत्तिवेतन एका टप्प्याने खाली ठरले, आणि त्यांच्यामागे पतीला मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतनही त्याच आधारावर ठरले. ते दर महिन्याला वेळेवर जमा होते.